भाग हरवलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार: ओळखायची कशी, उभी करायची कशी

जुनी गिटार हातात आली की पहिली घाई होते ती तारा चढवून वाजवायची आणि दुसरी ती पुसून लख्ख करायची. दोन्ही आवरा. नावाचा बिल्ला गेलाय, घोडी (तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज) गेलीये, नॉब गेलेत अशा गिटारीजवळ स्वतःची ओळख पटवायला काय उरतं? रंगावरच्या सावल्या, रिकामी भोकं, स्क्रूंचे दाब, डाखाचे थेंब. हरवलेल्या भागाची माहिती तो भाग जिथे होता तिथेच लिहिलेली असते. पॉलिश पेपर फिरवला की ती पुसली जाते, आणि मग जगातला कुठलाही तज्ज्ञ सांगू शकत नाही की इथे काय होतं. म्हणून आधी वाचायचं, मग नोंदवायचं, आणि हत्यार सगळ्यात शेवटी उचलायचं.

आपल्याकडे इंदुरात असं का सापडतं, तेही सांगतो. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात परदेशी गिटारी दुकानातून कमी आणि कोणाच्या तरी सामानातून जास्त आल्या. महूची छावणी, रेल्वेच्या इन्स्टिट्यूट, लग्नाच्या ऑर्केस्ट्रा यांतून त्या फिरत राहिल्या आणि शेवटी रामबाग, स्नेहलतागंजसारख्या वस्तीत कुणाच्या तरी माळ्यावर पडल्या. सुटे भाग मिळत नव्हते, मग जे मिळालं ते बसवलं गेलं. त्यामुळे इंदुरात सापडलेली गिटार ही बहुधा दोन गिटारी असतात: एक कारखान्यातून निघालेली, दुसरी इथल्या रेडिओवाल्याने आणि सुताराने चालू ठेवलेली. त्या दोन वेगळ्या करणं हेच ओळखीचं निम्मं काम.

आधी नोंद

स्वच्छ उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा. एक फोटो तिरक्या उजेडात, खोलीतले दिवे बंद करून आणि टॉर्च गिटारीच्या अंगाला समांतर धरून. सपाट उजेडात न दिसणारे दाब आणि ओरखडे या एका फोटोत उठून दिसतात. मग जाड पुठ्ठ्यावर गिटारीचा आकार काढा आणि जो स्क्रू निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवा. वाटीत गोळा केलेले स्क्रू नंतर ओळखू येत नाहीत, आणि एखादा लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर फ्रेटबोर्डातून, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या पट्टीतून, वर येतो.

स्क्रू काढण्याआधी हेही बघा: जपानी गिटारीवरचे चौफुलीचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, नमुन्याचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यातून निसटतो आणि डोकं खातो. जुन्या जपानी मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडे बरोबर हत्यार मिळेल. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट टेकवा, थंड होऊ द्या, मग फिरवा. लाकडात गेलेल्या स्क्रूवर गंज सोडवायचं तेल ओतू नका. तेल लाकूड पितं आणि डाग कायमचा राहतो.

ओळख: नावावर जाऊ नका

हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, फेंडर या अमेरिकन कंपनीचं नाव लिहिलंय म्हणून ती फेंडर नसते. तसा स्टिकर कुणीही लावतो. पुरावा आत असतो, आणि तो एकमेकांशी जुळायला हवा.

सुरुवात स्केलपासून, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीपासून, करा. नटपासून (खुंट्यांकडची, तारा ज्यावरून जातात ती पट्टी) बाराव्या फ्रेटच्या (आडव्या धातूच्या पट्टीच्या) मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ६४८ मिमी आलं तर फेंडरचं प्रचलित माप, ६२८ च्या आसपास आलं तर गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं, ६१० आलं तर लहान स्केल. नटला लागूनच एक जादा फ्रेट असेल तर तो शून्य फ्रेट. मोजणी तिथून करायची, नटपासून नाही. शून्य फ्रेट दिसला की नजर हॉफनर आणि फ्रामससारख्या जर्मन गिटारींकडे आणि साठच्या दशकातल्या जपानी गिटारींकडे वळवा.

मग नेक, म्हणजे गिटारीची मान, काढा, जर ती स्क्रूने बसवलेली असेल तर. नेकच्या टाचेवर पेन्सिलची खूण, शिक्का किंवा तारीख असू शकते. फेंडरच्या नेकवर तिथे तारीख असायची, मात्र ती त्या नेकची तारीख, पूर्ण गिटारीची नव्हे. मागच्या धातूच्या पट्टीवर ठळक ‘एफ’ असेल तर ती पट्टी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर विकत घेतल्यानंतरची. १९७६ पासून फेंडरचा अनुक्रमांक हेडस्टॉकवर आला. ‘एस ७’ने सुरू होणारा साधारण १९७७ चा. गिब्सनवर १९७७ पासून आठ अंकी क्रमांक आहे, त्यात पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, आणि मधले तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. सत्तरच्या उत्तरार्धातल्या जपानी इबानेझवर अक्षर म्हणजे महिना आणि पुढचे दोन अंक म्हणजे वर्ष: ‘एच ७६’ म्हणजे ऑगस्ट १९७६.

खरं सांगायचं तर माळ्यावरून अमेरिकन गिटार क्वचितच निघते. निघते ती बहुधा जपानी, आणि तिथे नावाचा घोळ मोठा आहे. १९४६ साली सुरू झालेली टेइस्को १९६७ मध्ये कावाईच्या ताब्यात गेली. टेइस्को आणि गुयाटोन यांच्या कारखान्यांतून निघालेल्या गिटारी परदेशी व्यापाऱ्यांच्या डझनभर नावांनी विकल्या गेल्या. म्हणून बिल्ल्यापेक्षा सामान बघा: पिकअपवर (तारांचं कंपन पकडणारं चुंबक आणि वेटोळं) सोनेरी पत्र्याचं नक्षीदार झाकण, रेघारेघांचा धातूचा पिकगार्ड (अंगावरचा रंग ओरखड्यांपासून वाचवणारा पत्रा), नॉबऐवजी खालीवर होणारे चपटे स्विच, आणि मागच्या पट्टीवर नेकमध्ये पोलादी आधार असल्याची इंग्रजी जाहिरात. हा आधार म्हणजे बऱ्याचदा नुसती आत गाडलेली पट्टी. फिरवून नेक सरळ करता येईल असा ट्रस रॉड तो नव्हे. पूर्व युरोपच्या गिटारीही सापडतात: चेकोस्लोव्हाकियाची योलाना, पूर्व जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खेनची म्युझिमा. यांच्या आकाराला अमेरिकन गिटारीचा भास असतो, पण स्विचची रचना वेगळीच असते.

पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाच्या, पाठीवरचा आकडा भिंगाने वाचा. अमेरिकन पॉटवर पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढे वर्ष आणि आठवडा. १३७६६३३ म्हणजे सीटीएसने १९६६ च्या ३३ व्या आठवड्यात बनवलेला पॉट. पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याआधीची नाही, एवढंच यातून ठरतं. कारखाने पॉटचा साठा वर्षानुवर्षं वापरत असत.

आणि इथेच इंदूरची दुसरी गिटार भेटते. आवाजाचा नॉब शून्यावर आणला आणि ‘टक्’ असा आवाज आला तर तो गिटारीचा मूळ पॉट नव्हे. तो व्हॉल्व्ह रेडिओचा, चालू-बंदचा स्विच जोडलेला पॉट आहे. नट उंच पितळेचा असेल, तारा फ्रेटपासून बोटभर वर असतील आणि फ्रेट मात्र झिजलेले नसतील, तर कुणीतरी तिची हवाइयन करून मांडीवर ठेवून सळईने वाजवली आहे.  हे काढून टाकायचं की ठेवायचं हा नंतरचा प्रश्न. आता फक्त लिहून ठेवा.

रंगाचा तपास: नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च जेल रोडवर कुठेही मिळते. अंधारात ती फिरवली की जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळं उजळतं, आणि नंतर मारलेला रंग वेगळा, बहुधा काळपट ठिपक्यासारखा दिसतो. मग नेकच्या खाचेत, जिथे कुणी बघत नाही तिथे, कापसाच्या काडीने ॲसिटोनचा एक थेंब. लॅकर लगेच चिकट होतं. पॉलिएस्टर ढिम्म राहतं. हा थेंब दर्शनी भागावर टाकायचा नाही.

हरवलेल्या भागाचा शोध

रामबागेतून आलेली एक गिटार उदाहरणाला घेतो. हेडस्टॉक कोरं, घोडी नाही, ट्रेमोलो (दांड्याने सूर खालीवर करणारा भाग) नाही, दोन नॉब नाहीत, पिकगार्ड कुणीतरी सनमायक्याचा केलेला. तो सनमायका काढल्यावर खालचा लाल रंग गडद निघाला, उरलेल्या अंगाचा मात्र उन्हाने विटकरी झालेला. या गडद भागाची कड म्हणजे मूळ पिकगार्डची कड. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून ती रेघ उतरवली, भोकं टोचली, आणि हरवलेला पिकगार्ड कागदावर मिळाला. सनमायक्याच्या आकारात एक टोक कमी होतं. मूळ पिकगार्ड जॅकच्या भोकापर्यंत गेला होता हे सावलीनेच सांगितलं.

ट्रेमोलोचं तसंच. खालच्या कडेजवळ त्रिकोणात तीन भोकं, त्यांच्याभोवती पत्र्याचा चौकोनी दाब, आणि त्यापुढे रंगावर एकाच केंद्राभोवती फिरलेल्या बारीक कमानी. त्या कमानी ट्रेमोलोच्या दांड्याने घासून काढलेल्या. त्यांच्या केंद्रातून दांडा कुठे बसत होता आणि त्रिज्येतून तो किती लांबीवर वाकत होता, दोन्ही कळतं. हेडस्टॉकवर दोन सुईएवढी भोकं होती, बिल्ल्याच्या खिळ्यांची. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासली की भोकांमधलं नेमकं अंतर आणि बिल्ल्याची कड कागदावर उतरते. जुन्या जाहिरातींच्या आणि विक्रीच्या फोटोंशी ताडून बघायला हे अंतर नावापेक्षा उपयोगी, कारण अंतर कुणी बदलत नाही.

ही गिटार जपानी आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली इथवर पुरावा पोचला. त्यापुढे नाव लावायचा मोह होतो. लावू नये.

आधी जे सडतंय ते थांबवा

लाकडाची पूड पडत असेल तर भुंगा आहे. भोकं टोकदार आणि ताजी आहेत का बघा, आणि अशी गिटार घरातल्या सतार-तंबोऱ्यापासून दूर ठेवा. जुने पारदर्शक किंवा कासवाच्या पाठीसारखे दिसणारे पिकगार्ड सेल्युलॉइडचे असू शकतात. अंगठ्याने जोरात घासून हुंगा. कापराचा वास आला तर तेच. जुनं सेल्युलॉइड विघटन होताना आम्लाची वाफ सोडतं, आणि बंद केसमध्ये त्याने शेजारचे स्क्रू आणि पिकअपचं झाकण हिरवं पडतं. अशा पिकगार्डला वेगळ्या कागदी पाकिटात, हवेशीर जागी आणि आगीपासून लांब ठेवा.

साफसफाईला कोरडा मऊ ब्रश, मग किंचित ओलसर कापड, हट्टी मळाला लायटरमध्ये भरायचं पेट्रोल कापडाला लावून, तेही आधी लपलेल्या जागी तपासून. थिनर आणि स्पिरिट अजिबात नको. फ्रेटवरचा गंज काढायचं बारीक स्टील वूल पिकअपजवळ नेऊ नका. त्याचे तुकडे चुंबकाला चिकटून वेटोळ्यात शिरतात. आधी पिकअप चिकटपट्टीने झाका.

वीज

मल्टिमीटर किलोओहमवर लावा आणि प्रत्येक पिकअप त्याच्या दोन तारांवर मोजा, पॉटपासून एक तार सोडवून. एकेरी वेटोळ्याचा पिकअप साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतो, दुहेरी वेटोळ्याचा हंबकर ७ ते ९ च्या घरात. इंदुरात हे माप कुठल्या महिन्यात घेतलं ते लिहून ठेवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ७ किलोओहम असलेला पिकअप मे महिन्याच्या ४० अंशांत साडेसात दाखवतो. लोक यावरून पिकअप बदलला असल्याचे निष्कर्ष काढतात.

मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळं तुटलंय. लगेच रिवाइंडिंगला पाठवू नका. तुटण्याची आवडती जागा म्हणजे बाहेरचं टोक, जिथे केसासारखी तार जाड वायरला डाखलेली असते आणि घामाने तिथे हिरवा गंज धरतो. टेप गरम हवेने सैल करून उलगडा, भिंगातून ते टोक शोधा, इनॅमल हलकेच खरवडून पुन्हा डाखा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर मूळ चुंबक आणि बॉबिन ठेवून वेटोळं नव्याने भरायचं. तार बहुधा ४२ एडब्ल्यूजीची (अमेरिकन माप), ०.०६३ मिमी, आपले मोटार रिवाइंडिंगवाले एसडब्ल्यूजीत (ब्रिटिश मापात) बोलतात, त्यांच्याकडे ४६ नंबर मागा, तो ०.०६१ मिमी असतो. ४२ नंबर म्हणून मागितलात तर दीडपटीहून जाड तार हातात पडेल. काढलेल्या तारेचा तुकडा मायक्रोमीटरने मोजून मगच ठरवा.

पॉट खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा. बदलायची घाई नको. बदलावाच लागला तर महाराणी रोडवर पॉट घेताना दोन गोष्टी बघा: दांड्याचा व्यास (मेट्रिक ६ मिमी, अमेरिकन सरळ दांडा ६.३५) आणि दांडा दातेरी असेल तर दात १८ की २४. जुना नॉब नव्या दांड्यावर ठोकून बसवणं म्हणजे नॉब फोडणं. शेवटी घोडीपासून पॉटच्या पाठीपर्यंत जाणारी अर्थिंगची तार शोधा. घोडी हरवते तेव्हा ती तारही तुटते, आणि मग गुणगुण ऐकून लोक पिकअपला दोष देतात.

एक गोष्ट ठासून सांगतो. गिटारीसोबत जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आला असेल तर तो भिंतीत खुपसू नका. दोन पिनची वायर, अर्थिंग नाही, आणि आतल्या कॅपॅसिटरांत बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट टिकून असू शकतात. अशा ॲम्प्लिफायरला जोडलेल्या गिटारीच्या तारा म्हणजे थेट तुमचा हात. तो जाणकाराकडून तीन पिनचा करून घ्या, तोवर चाचणी नव्या छोट्या ॲम्प्लिफायरवर.

नेक

पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर किती फट राहते ते स्कूटर मेकॅनिकच्या टॅपेटच्या फिलर गेजने मोजा. ०.२ ते ०.३ मिमी ठीक. जास्त असेल आणि ट्रस रॉड असेल तर पाव फेरा फिरवून एक रात्र थांबा. ट्रस रॉड नसेल तर हलक्या तारा आणि नेकच्या खाचेत पातळ लाकडी पाचर, एवढंच हातात आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि पावसाळ्यात पुन्हा आत जातात. मे महिन्यात ती टोकं घासून टाकायचं काम अंगावर घेऊ नका. नेकचं बारीक काम दिवाळीनंतर करावं.

भाग मिळवणं आणि बनवणं

नियम एकच: गिटारीत नवं भोक पाडायचं नाही. भाग भोकांना जुळवायचा, भोकं भागाला नाही. म्हणून खुंट्या मागवण्याआधी भोकाचा व्यास, दोन खुंट्यांमधलं अंतर आणि स्क्रूच्या भोकांची जागा, तिन्ही मोजा. सहा एका पट्टीवरच्या खुंट्यांमध्ये अंतर अर्धा मिमी चुकलं तरी शेवटची बसत नाही.

जपानी गिटारीच्या मशीन स्क्रूंची एक खोड आहे. जुन्या जपानी मानकात ४ मिमी स्क्रूचा आटा ०.७५ मिमीचा होता, आजच्या मानकात ०.७ आहे, ३ मिमीमध्ये ०.६ विरुद्ध ०.५. सियागंजात घेतलेला नवा स्क्रू दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावलात तर मूळ आटे गेले. जुनेच स्क्रू साफ करून वापरा, नाहीतर लेथवर त्या आट्याचे करून घ्या.

रामबागेच्या गिटारीचा ट्रेमोलोचा दांडा पोलोग्राउंडमधल्या एका लेथवर झाला. कारागिराला गिटारीशी देणंघेणं नव्हतं. त्याला नमुना हवा होता. म्हणून आधी जाड तारेचा दांडा वाकवून, गिटारीवरच्या कमानींवर फिरवून बघितला, आणि तोच त्याच्या हातात दिला. ‘भिया, चमकवू का?’ त्याने विचारलं. नको म्हटलं. साठ वर्षांच्या निकेलशेजारी नवं क्रोम नकली दातासारखं दिसतं.

पिकगार्डसाठी ट्रेसिंगवरून आधी पुठ्ठ्याचा, मग पाट्या बनवणाऱ्यांकडून लेझरने कापलेला ॲक्रिलिकचा. नटसाठी सतार दुरुस्त करणाऱ्याकडे जा. उंटाच्या हाडाची घोडी घासणाऱ्या हाताला नटच्या खाचा काढणं अवघड नाही. हरणाचं शिंग कुणी देऊ केलं तर नको म्हणा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. घोडी हरवलेली असेल तर जागा हिशेबाने काढा: बारीक तारेसाठी स्केलच्या मापापेक्षा एक-दोन मिमी मागे, जाड तारेसाठी तीन ते पाच. रंगावर घोडीच्या पायांचे दाब असतील तर ते या हिशेबाशी जुळतात का बघा. जुळले नाहीत तर आधी दोन्ही मापं पुन्हा घ्या, घोडी चिकटवू नका.

आता तो रेडिओचा पॉट. मी तो काढत नाही, चालत असेल तर. ज्या ऑर्केस्ट्रात ती गिटार वाजली त्या ऑर्केस्ट्राचा तो पुरावा आहे, आणि मूळ पॉट मिळेपर्यंत त्याच्या जागी बसवायला त्याहून खरं काही नाही. उंच पितळी नट मात्र काढावा लागतो, कारण त्याने बोटाने वाजवताच येत नाही. काढलेला प्रत्येक भाग, सनमायक्याचा पिकगार्डसुद्धा, पाकिटात घालून केसमध्येच ठेवा.

रंग पुन्हा मारू का, हा प्रश्न हटकून येतो. नाही. जाणकार खरेदीदारासाठी रंग बदललेल्या गिटारीची किंमत निम्म्यावरही येऊ शकते, आणि न विकणाऱ्यासाठी त्या सावल्या कायमच्या जातात. उडालेला टवका उडालेला राहू दे.

तारा

०.००९ ते ०.०४२ इंचांचा हलका संच चढवा, आधी निम्म्या ताणावर, रात्रभर ठेवून मग पूर्ण सुरात. जुनी नेक आणि नवी घोडी एकमेकांना रुळायला वेळ लागतो. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणारा सूर) ट्यूनरवर ताडून घोडी पुढेमागे करा: दाबलेला सूर चढा असेल तर घोडीचा तो खांब मागे. पहिल्या पावसाळ्यानंतर हे सगळं एकदा परत तपासावं लागेल.

केसमध्ये भागांच्या पाकिटाबरोबर एक कागद ठेवा: कुठला भाग मूळ, कुठला इथे जुना बसवलेला, कुठला तुम्ही केलेला, कुठल्या वर्षी, पिकअपची मापं आणि महिना. विकायची वेळ आली तर तो कागद खरेदीदाराला किमतीवर बोलण्याआधी दाखवा.